दंत आरोग्यक घडतो कसा?

दवाखान्यात जाऊन दात साफ करून घेतले की दात हलायला लागतात, ही समजूत वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या जऊळक्यात ऐकू येते तशी मुंबईतही ऐकू येते. ती हवेतून आलेली नाही. वर्षानुवर्षं दातांच्या मुळाशी कीटण साचतं. त्याच्या आसऱ्याने जंतू वाढतात, हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि हळूहळू आतलं हाड झिजतं. हाडाचा आधार गेलेला दात मग शेजारच्या दातांना जोडणाऱ्या त्या कीटणाच्या थरामुळेच घट्ट भासत राहतो. थर निघाला की दात ढिला असल्याचं जिभेला कळतं आणि बुजलेल्या फटी उघड्या पडतात. माणूस घरी जाऊन सांगतो, ‘चांगले होते दात, साफ केले अन् हलायला लागले.’

या माणसाला काय सांगायचं, कसं सांगायचं आणि मुळात त्याच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून दहा वर्षं आधी काय करायचं, हे ज्याला नीट येतं तो दंत आरोग्यक. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव डेंटल हायजिनिस्ट. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जाहिरातींत हे पद ‘दंत आरोग्यक’ म्हणून येतं, पण त्या माणसाचं नेमकं काम काय आणि ते तो कुठे शिकतो, हे बारावी सायन्स करणाऱ्या मुलांनाही बहुधा ठाऊक नसतं. नर्सिंग, फार्मसी, लॅब टेक्निशियन ही नावं घरोघरी पोचली आहेत. हे नाव पोचलेलं नाही. म्हणून हा अभ्यासक्रम जरा सावकाश उलगडून पाहू.

कायद्यापासून सुरुवात करायला हवी, कारण या व्यवसायाची हद्द कायद्याने आखलेली आहे. दंतवैद्यक कायदा १९४८ सालचा. त्यात दंतवैद्य, दंत आरोग्यक आणि कवळ्या-दात बनवणारा दंत यांत्रिक अशा तिघांच्या व्याख्या आहेत. दंत आरोग्यक म्हणजे दंतवैद्य किंवा डॉक्टर नसलेली, पण दातांवरचं कीटण काढणारी, दात साफ करून त्यांना पॉलिश करणारी किंवा दातांच्या स्वच्छतेचं शिक्षण देणारी व्यक्ती. व्याख्येत शिक्षण देण्याचं काम सफाईच्या बरोबरीने नोंदलेलं आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे. भारतीय दंत परिषद १९४९ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या नियमांनुसार हा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम ठरला. त्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय लागतात. २०२३ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला.

या व्यवसायाचा जन्म अमेरिकेतला. कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी आल्फ्रेड फोन्स नावाच्या दंतवैद्याने १९०६ मध्ये आपली मदतनीस आयरीन न्यूमन हिला दात साफ करायला आणि रुग्णांना घरची निगा शिकवायला तयार केलं. १९१३ मध्ये त्याने त्यासाठी शाळाच काढली आणि तिथून बाहेर पडलेल्या बायका गावातल्या सरकारी शाळांत मुलांचे दात तपासायला, साफ करायला आणि घासायला शिकवायला गेल्या. मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही शाळेची वाट. दवाखान्याच्या खुर्चीत बसून दुखणं येण्याची वाट पाहायची नाही, जिथे मुलं आहेत तिथे जायचं, हा विचार या व्यवसायाच्या पायातच आहे.

आता हे शिक्षण आपल्या भागातून कुठे घेता येईल, ते पाहू. जऊळका वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात. पूर्णा–अकोला लोहमार्गावर स्टेशन असल्याने गावाला ‘जऊळका रेल्वे’ असंही म्हणतात. इथून अकोल्याला किंवा वाशीमला जाणं सोपं, पण दंतशिक्षण घ्यायचं तर अकोला, अमरावती किंवा नागपूर ही विदर्भातली जवळची ठिकाणं. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासूनचं. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय त्याहून जुनं, १९३३ चं. दंत आरोग्यकाचा वर्ग प्रत्येक दंत महाविद्यालयात असतोच असं नाही. त्यामुळे इथल्या मुलीला किंवा मुलाला घर सोडावं लागणार, हे धरूनच चालावं.

पहिले काही महिने हातात कुठलंही हत्यार येत नाही. शरीररचना, शरीरक्रिया, जंतुशास्त्र, आहारशास्त्र, औषधांची तोंडओळख आणि सर्वांत बारकाईने तोंडाचा अभ्यास. दातांची ओळख आपल्याला पटाशीचे, सुळे, उपदाढा आणि दाढा अशी असते. इथे प्रत्येक दाताला दोन अंकी क्रमांक येतो. तोंडाचे चार भाग करायचे. रुग्णाच्या उजव्या-वरच्या भागाला १, डाव्या-वरच्याला २, डाव्या-खालच्याला ३, उजव्या-खालच्याला ४. मग मधल्या रेषेपासून मागे मोजत जायचं. उजवीकडची वरची पहिली मोठी दाढ म्हणजे १६; उच्चारायचा ‘एक-सहा’, सोळा नव्हे. दुधाच्या दातांसाठी भागांचे आकडे ५ ते ८. ही पद्धत जगात बहुतेक ठिकाणी चालते, त्यामुळे अकोल्यात लिहिलेला कागद पुण्यातल्या दंतवैद्यालाही कळतो. विद्यार्थी पहिले काही आठवडे मैत्रिणींच्या तोंडात डोकावून आकडे म्हणत फिरतात.

जंतुशास्त्रात प्लाकपाशी थांबावं लागतं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घासलेल्या दातावर काही तासांतच जंतूंचा चिकट, रंगहीन थर बसायला लागतो. तो चूळ भरून जात नाही, घासूनच निघतो. तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरून तो कडक होतो. बोअरच्या पाण्याने हंड्याच्या आतून जसा पांढरा थर धरतो, तसंच हे. तो कडक थर म्हणजे कीटण, आणि एकदा तो झाला की ब्रश, मीठ, कोळसा, निंबाची काडी यांपैकी कशानेही निघत नाही. लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं जिभेखाली आणि वरच्या दाढांसमोर गालात उघडतात. म्हणूनच खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू इथे कीटण सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त साचतं. वाचकाने आत्ता खालच्या पुढच्या दातांमागून जीभ फिरवून पाहावी. खडबडीत लागलं तर ते हेच.

प्लाकच्या थरानेच हिरडी सुजते, हे सिद्ध करणारा प्रयोग विद्यार्थ्यांना हमखास शिकवतात. १९६५ मध्ये हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. वय, उष्णता किंवा ‘आमच्या घराण्यातच दात कच्चे’ ही कारणं पुढे करणाऱ्या रुग्णाला समजावताना हा प्रयोग फार उपयोगी पडतो. सुजलेली हिरडी पुन्हा नीट होते. झिजलेलं हाड मात्र आपोआप भरून येत नाही. या दोन अवस्थांमधली सीमा ओळखणं हे या शिक्षणाचं केंद्र आहे.

प्लाक दिसत नाही, म्हणून तो दिसेल असा करायलाही शिकवतात. गुलाबी रंगाचं द्रावण दातांना लावून चूळ भरायची. जिथे थर आहे तिथे रंग धरून राहतो. विद्यार्थ्यांनी हे आधी स्वतःच्या तोंडात करायचं असतं. सकाळी नीट घासून आलेल्या मुलांच्याही दाढांच्या मागच्या बाजू आणि हिरडीलगतची कड गुलाबी निघते. पुढे रुग्णाला ‘तुम्ही नीट घासत नाही’ असं म्हणण्याआधी ही मुलं थांबतात, कारण घासणं आणि स्वच्छ होणं यातलं अंतर त्यांनी स्वतःच्या आरशात पाहिलेलं असतं.

मग निर्जंतुकीकरण. हा विषय परीक्षेत थोड्या गुणांचा असला तरी माझ्या मते यात हयगय करणाऱ्याने पुढचं काहीच शिकू नये. तोंडात रक्त आणि लाळ दोन्ही असतात. एका रुग्णाची हत्यारं नीट निर्जंतुक न करता दुसऱ्याला वापरली तर कावीळ ब सारखा आजार पोचू शकतो. क्रम पक्का असतो. आधी हत्यारं धुवायची आणि त्यावरचा रक्ताचा, कीटणाचा कण न् कण काढायचा, कारण घाणीखाली वाफ पोचत नाही. मग वाळवून, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्ह या वाफेच्या यंत्रामध्ये. १२१ अंश सेल्सिअस, चौरस इंचाला १५ पौंड दाब. नुसत्या हत्यारांना पंधरा-वीस मिनिटं, गुंडाळलेल्या पुड्यांना त्याहून जास्त. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं. जंतू खरोखर मेले की नाही, हे पाहण्यासाठी उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू आत ठेवून वेगळी चाचणी करतात. पाण्यात उकळून घेतलं म्हणजे झालं, हा जुना समज इथे पहिल्याच आठवड्यात मोडतो. विद्यार्थ्याने स्वतः कावीळ ब ची लस घ्यायची असते: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज आणि प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया आणि धारदार वस्तू भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात.

आता हातांकडे येऊ. इथे सर्वांत जास्त वेळ जातो.

सराव आधी नकली डोक्यावर होतो. त्यात दात बसवलेले जबडे असतात आणि गालाच्या जागी रबर. बसायचं कसं, हे आधी. रुग्णाचं तोंड घड्याळाच्या मधोमध आहे असं धरून कोणत्या दातासाठी आठच्या जागी बसायचं, कोणत्यासाठी बाराच्या, हे ठरलेलं असतं. पाठ सरळ, कोपर अंगाजवळ. पहिल्या दिवसापासून वाकून काम करण्याची सवय लागली तर काही वर्षांत मान आणि कंबर धरते, म्हणून शिक्षक यावर सारखे टोकत असतात. डाव्या हातात छोटा आरसा. तो गाल बाजूला धरतो, न दिसणारी बाजू दाखवतो आणि प्रकाश आत टाकतो. आरशात पाहून हात चालवायला लागलं की पहिले काही दिवस हात उलट्या दिशेने जातो. त्याला सरावाशिवाय दुसरा उपाय नाही.

उजव्या हातातलं हत्यार लिहिण्याच्या पकडीत थोडा बदल करून धरतात. अंगठा आणि तर्जनी समोरासमोर, मधल्या बोटाचं टोक हत्याराच्या मानेवर, आणि अनामिका शेजारच्या एखाद्या दातावर टेकलेली. ही टेकलेली अनामिका फार महत्त्वाची. रुग्णाने अचानक मान हलवली तर हात त्याच्याबरोबर हलतो आणि धार हिरडीत घुसत नाही. टेकू न घेता हत्यार तोंडात नेणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक तिथल्या तिथे थांबवतात.

पहिलं खरं हत्यार म्हणजे प्रोब: बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक उथळ खोबण असते. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर खोल. प्रोब तिथे अलगद उतरवायचा, जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमचा दाब देऊन. हा दाब किती, हे विद्यार्थ्याला कळावं म्हणून नखाखाली प्रोब टेकवून पाहायला सांगतात; दुखलं तर दाब जास्त. मग प्रोब न काढता दाताच्या कडेने मिलिमीटर-मिलिमीटर पुढे सरकवत न्यायचा. प्रत्येक दाताला सहा जागी माप. एक जण मोजतो, दुसरा कागदावर लिहितो: ‘तीन, दोन, तीन… तीन, दोन, पाच.’ पाच ऐकलं की लिहिणाऱ्याची मान वर होते. त्या एका कोपऱ्यात हिरडी सुटून खिसा झालेला आहे, बाहेरून मात्र हिरडी गुलाबीच दिसत असेल. प्रोब बाहेर काढल्यावर काही क्षणांत तिथे रक्ताचा ठिपका आला तर तोही नोंदवायचा. तो दाहाचा पुरावा. दुखत नाही म्हणून दवाखान्यात न येणाऱ्या माणसाच्या तोंडात हा आजार असाच मुकाट वाढत असतो.

कीटण काढण्याच्या हत्यारांत दोन प्रकार आधी ओळखावे लागतात. सिकल स्केलर टोकदार असतो आणि तो हिरडीच्या वरच वापरायचा. क्युरेटचं टोक गोल, पाठही गोल, त्यामुळे तो हिरडीखाली जाऊ शकतो. क्लेटन ग्रेसी या अमेरिकन दंतवैद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्युरेटच्या संचात प्रत्येक जागेसाठी वेगळं हत्यार आहे: दाढेच्या पुढच्या बाजूला ११–१२, मागच्या बाजूला १३–१४. ही पाती दिसायला जवळपास सारखी. कोणत्या कडेला धार आहे, ती मानेचा कोन पाहून ओळखायची.

एक फेरी सावकाश पाहू. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू. आरसा जिभेला मागे धरून आहे, अनामिका सुळ्यावर टेकलेली. क्युरेटचं पातं दाताला जवळजवळ चिकटवून, सपाट ठेवून हिरडीखाली सरकवायचं. तळ लागला की पातं थोडं उघडायचं, म्हणजे दाताच्या पृष्ठभागाशी त्याचा कोन ४५ ते ९० अंशांच्या मधे येतो. कोन कमी पडला तर पातं कीटणावरून घसरतं, जास्त झाला तर दुसरी कड हिरडी कापते. मग दाब देऊन दोन-तीन मिलिमीटरचा एकच आखूड झटका, वरच्या दिशेने. जोर बोटांचा नाही. मनगट आणि हात एकत्र वळतात. कीटणाचा तुकडा सुटला तर बोटांना एक बारीक कटकन् झालेलं जाणवतं. मग पुन्हा तपासणीचं हत्यार फिरवायचं: गुळगुळीत लागतंय का, की अजून कुठे अडतंय? हिरडीखाली डोळे पोचत नाहीत. तिथलं सगळं पाहणं मधल्या बोटाच्या टोकाने होतं, आणि ही जाणीव तयार व्हायला महिने लागतात. हिरडीवरचं कीटण पिवळसर-पांढरं, तंबाखू खाणाऱ्याचं तपकिरी. हिरडीखालचं काळपट-हिरवं आणि जास्त चिवट.

इथे बोथट हत्यारं फार नुकसान करतात. धार गेलेलं पातं कीटण उपटत नाही, वरवर घासून गुळगुळीत करतं. मग तपासताना सगळं साफ लागतं, रोग आत तसाच राहतो. म्हणून दगडावर हत्यारांना धार लावणं हा प्रात्यक्षिकाचाच भाग असतो. धार आहे की नाही, हे प्लास्टिकच्या काडीवर पातं टेकवून पाहतात. धार असेल तर ते रुततं, नसेल तर घसरतं.

अल्ट्रासॉनिक स्केलर या यंत्राने पुष्कळ काम लवकर होतं. त्याचं टोक सेकंदाला पंचवीस हजार किंवा त्याहून जास्त वेळा थरथरतं आणि पाण्याचा फवारा त्याला थंड ठेवतो. ‘मशिनने दाताची साल निघते’ अशी भीती रुग्णांना असते. टोकाची बाजू दाताला टेकवून, सतत हलतं ठेवून, पाणी चालू ठेवून वापरलं तर निरोगी दाताला त्याने इजा होत नाही. टोक सरळ दातात रोवून एका जागी धरलं तर होते. म्हणजे प्रश्न हाताचा आहे, आणि म्हणूनच शिक्षणाचा. शेवटी रबरी कपात पेस्ट घेऊन दात पॉलिश करतात, म्हणजे नवा थर सहज चिकटत नाही.

दुसऱ्या वर्षी खरे रुग्ण येतात आणि पहिला धडा असा की तोंड उघडायला सांगण्याआधी विचारायचं. साखर आहे का? मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांचा आजार राहिला तर साखर आटोक्यात ठेवणंही अवघड जातं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का? हृदयाची झडप बदलली आहे का? असल्यास दंतवैद्याने आधी प्रतिजैविक द्यायचं की नाही ते ठरवल्याशिवाय हात लावायचा नाही. दिवस गेले आहेत का? त्या काळात हिरड्या लवकर सुजतात. ‘मले कायची बिमारी नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या पिशवीत बीपीच्या गोळ्या निघतात, म्हणून ‘रोजच्या गोळ्या कोणत्या?’ असं विचारायला शिकवतात. दंत आरोग्यक दात उपटत नाही, चांदी-सिमेंट भरत नाही, औषध लिहून देत नाही. तो दंतवैद्याच्या देखरेखीखाली काम करतो. आपल्या हातातलं नाही ते ओळखून योग्य माणसाकडे वेळेत पाठवणं, यावरही परीक्षेत प्रश्न येतात.

विदर्भात या पाठवण्याला वेगळंच वजन आहे. इथे खर्रा आहे: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. २०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरणारे निघाले, म्हणजे जवळपास चारातला एक. बायकांत मशेरीची सवय आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर १९९२ पासून बंदी असूनही भाजलेल्या तंबाखूने दात घासणं थांबलेलं नाही. म्हणून विद्यार्थ्याला दातांच्या आधी गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, टाळू आणि ओठांची आतली बाजू पाहायची सवय लावतात. घासून न निघणारा पांढरा चट्टा, मखमली लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली की त्याच दिवशी दंतवैद्याला दाखवायचं. सुपारीने गाल आतून ताठ होत जातो. तिखट लागलं की आग होते, मग तोंड उघडेनासं होतं. साधी तपासणी अशी: रुग्णाने स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमधे घालायची. दोनच गेली तर हा माणूस सफाईपुरता राहिलेला नाही. सुपारी एकटीच कर्करोग घडवू शकते, तंबाखू नसला तरी. ‘मी साधी सुपारीच खातो’ म्हणणाऱ्याला हे त्याच वेळी सांगावं लागतं.

सांगणं हा या अभ्यासक्रमाचा दुसरा अर्धा भाग. ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत टेकवून बारीक थरथर द्यायची आणि मग दाताच्या टोकाकडे झाडायचं, ही पद्धत मोठ्यांसाठी. लहान मुलांना ती जमत नाही. त्यांच्यासाठी गोल-गोल फिरवण्याची, फोन्सच्याच नावाने चालणारी पद्धत. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. फ्लोराइड दात किडण्यापासून वाचवतं, पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अनेक गावांच्या भूजलातच ते जास्त आहे आणि तिथे मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर दीड. तेव्हा फ्लोराइडबद्दल बोलण्याआधी गावाचं पाणी विचारायचं.

शाळेच्या तपासणीला वही घेऊन जायचं असतं. ग्रीन आणि व्हर्मिलियन यांनी १९६४ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत फक्त सहा दात पाहतात: १६, ११, २६, ३६, ३१, ४६. प्रत्येकावर थर किती चढला, याला शून्य ते तीन गुण. शंभर मुलं एका दिवसात पाहून होतात आणि वर्षाने तीच मुलं पुन्हा पाहिली तर शिकवण्याचा उपयोग झाला की नाही, ते आकड्यांत दिसतं. भाषण देऊन परत येणाऱ्या शिबिरांपेक्षा मला ही वही कितीतरी मोलाची वाटते. शाळा आणि अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, त्यात दातांची कीड पाहिली जाते. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात दंतवैद्यासोबत दंत आरोग्यकाच्या पदाची तरतूद आहे. २०२३ मध्ये राज्याने स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत केलं. दोनदा घासा, खाल्ल्यावर चूळ भरा, गोड आणि जंक कमी, तंबाखूला नाही म्हणा, वर्षातून दोनदा तपासून घ्या, हे त्याचे संदेश. जऊळक्यासारख्या गावात ते भिंतीवर रंगवून भागणार नाही. आईच्या समोर बसून, मुलाचं तोंड उघडून, ‘हे इथे बघा’ म्हणणारं कुणीतरी लागतं.

नोकरीचं खरं चित्रही सांगायला हवं. आपल्याकडे बहुतेक खासगी दवाखान्यांत दात साफ करण्याचं काम दंतवैद्य स्वतःच करतात, त्यामुळे गल्लोगल्ली जागा निघत नाहीत. सरकारी रुग्णालयं, दंत महाविद्यालयं, आरोग्य अभियानाची कंत्राटी पदं आणि शहरांतले मोठे दवाखाने ही मुख्य ठिकाणं. परदेशात या व्यवसायाला मोठी मागणी आहे, पण इथली पदविका तिथे थेट चालत नाही. त्या-त्या देशाच्या परीक्षा द्याव्या लागतात. ‘तीन महिन्यांत डेंटल कोर्स, परदेशात नोकरी’ अशा पत्रकांना भुलू नये.

प्रवेश घेण्याआधी एवढं नक्की करा. संस्थेला दंत आरोग्यक अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, हे मुंबईच्या महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अभ्यासक्रम संपल्यावर याच परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. ते नसेल तर पदविकेचा कागद हातात असूनही दंत आरोग्यक म्हणून काम करता येत नाही.